जुन्या ध्वनिमुद्रणांचे बॉक्स सेट: डिस्क मोजण्याआधी काय बघावं

अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरच्या दरबारात गायले, घराणं उभं केलं, 1946 साली गेले आणि मागे एकही तबकडी ठेवली नाही. त्यांचं गाणं आपण केसरबाई, मोगूबाई आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गाण्यावरून ताडायचं. त्यामुळे खरखरीतून येणाऱ्या जुन्या आवाजाचं मोल या गावात कुणाला वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

पाश्चात्त्य अभिजात संगीतात अडचण नेमकी उलटी आहे. तिथे जपलेलं इतकं आहे की कुठून सुरुवात करावी कळत नाही. ऑपेरा गायिका मारिया कॅलासची स्टुडिओतली सगळी ध्वनिमुद्रणं वॉर्नर कंपनीने 2014 मध्ये 69 डिस्कच्या (म्हणजे सीडींच्या) एका संचात आणली. वाद्यवृंदाचा संचालक तोस्कानिनी याच्या आरसीए कंपनीने काढलेल्या संचात 84 डिस्क आहेत, व्हायोलिनवादक हायफेट्झच्या संचात 103. आकडे बघूनच हात खिशाकडे जातो. पण डिस्कची संख्या ही संचाबद्दलची सगळ्यात कमी कामाची माहिती आहे. मूळ तबकडी किंवा टेप कुठली, ती कुणी वाजवून नव्याने उतरवून घेतली, आणि उतरवताना काय ठेवलं आणि काय पुसलं, यावर सगळं अवलंबून असतं. या उतरवण्याला शौकीन मंडळी ‘ट्रान्सफर’ म्हणतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याभोवतीच फिरतात.

पायरी 1: आधी फुकटात ऐका

मोठ्या कंपन्यांचे बहुतेक संच स्ट्रीमिंगवर असतात. महिनाभर एकच कलाकार धरा आणि रोज थोडं ऐका. एखाद्या कलाकाराचं एक ध्वनिमुद्रण आवडणं आणि त्याच्या 80 डिस्क ऐकत राहता येणं यात फार फरक आहे. तोस्कानिनीचंच घ्या. 1937 मध्ये एनबीसी या अमेरिकन रेडिओ कंपनीने खास त्याच्यासाठी वाद्यवृंद उभा केला आणि 1954 पर्यंत तो त्याचं संचालन करत राहिला. त्यातलं बरंच वादन न्यू यॉर्कच्या ‘स्टुडिओ 8-एच’मध्ये झालं. ही जागा आवाजाला इतकी कोरडी की स्वर संपला की संपलाच, मागे गुंजन म्हणून काही उरत नाही. कितीही रीमास्टर केलं, म्हणजे जुना आवाज नव्याने साफसूफ केला, तरी खोली बदलत नाही. तो कोरडेपणा तुम्हाला सोसतो का, हे चार-पाच रात्रींत कळतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

पायरी 2: साल बघायला शिका

रीमास्टर झाल्याचं साल पाकिटावर ठसठशीत छापतात. तुम्हाला हवं ते ध्वनिमुद्रणाचं साल, आणि ते बहुतेक वेळा आतल्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत असतं. त्यावरून काय ऐकू येणार याचा अंदाज बांधता येतो.

1925 पर्यंत सगळं कर्ण्यातून. गायक कर्ण्यासमोर उभा राहायचा, आवाजाच्या जोरावर सुई हलायची, मेणावर खाच पडायची. एकट्या गळ्याला हे बरं, वाद्यवृंदाची मात्र दैना. एप्रिल 1902 मध्ये मिलानमध्ये इटालियन गायक कारुसोचा आवाज घेणारा फ्रेड गैसबर्ग त्याच वर्षी नोव्हेंबरात कोलकात्यात गौहर जानचा आवाज घेत होता. तंत्र तेच, यंत्रं त्याच धाटणीची. गौहर जानच्या तबकड्या ज्या कानाने ऐकल्या, त्याच कानाने कारुसो ऐकावा.

1925 पासून मायक्रोफोन आला आणि खर्जाला जीव आला. पण 78 ची (मिनिटाला 78 फेऱ्यांची) तबकडी तशीच राहिली: 12 इंचीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटं. आपल्याकडच्या गवयांनी या मर्यादेतून वेगळाच मार्ग काढला. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन-साडेतीन मिनिटांत राग आटोपशीर बांधून दाखवला. पश्चिमेत रचना कागदावर ठरलेली, ती आखडता येत नाही. म्हणून तुकडे पाडले. श्नाबेलने 1932 ते 1935 मध्ये बेथोव्हेनचे सगळे 32 पियानो सोनाटा पहिल्यांदा तबकडीवर आणले, ते असे चार-चार मिनिटांनी थांबत. आज तुम्ही सलग ऐकता ते सांधे कुणीतरी नंतर जुळवलेले असतात, आणि ते काम कसं झालंय हे कानाला कळतं.

1940 च्या दशकात जर्मन रेडिओकडे उत्तम चुंबकीय टेप होती, बाकीच्यांकडे ती युद्धानंतर आली. 1948 मध्ये एलपी ही जास्त वेळ वाजणारी तबकडी आली, आणि 1954 पासून काही कंपन्या स्टिरिओत (डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांत) मुद्रण करू लागल्या. पन्नाशीच्या दशकातल्या चांगल्या मोनो (एकाच वाहिनीच्या) टेपा हा माझ्या मते नवशिक्यासाठी सगळ्यात सुरक्षित मुलूख: आवाज स्वच्छ, कलाकार थोर, सवय करून घ्यायला फार कष्ट नाहीत.

पायरी 3: ट्रान्सफर तपासा

इथे घाई करू नका. पुस्तिकेत किंवा विक्रेत्याच्या पानावर तीन गोष्टी शोधा: मूळ स्रोत काय (धातूचे साचे, लाखेच्या तबकड्या की मास्टर टेप), काम कुणी केलं, आणि कधी केलं. वॉर्ड मार्स्टन, मार्क ओबर्ट-थॉर्न ही नावं दिसली तर निम्मी काळजी मिटते. जुन्या तबकड्या उतरवण्यात या दोघांची हयात गेली आहे. नॅक्सॉसने काढलेली कारुसोची सगळी ध्वनिमुद्रणं, एकूण 12 डिस्क, मार्स्टनच्या हातची आहेत. कुठेच नाव नसेल, नुसतं ‘डिजिटली रीमास्टर्ड’ एवढंच असेल, तर सावध व्हा.

युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी 50 वर्षांचा होता. तो पुढे 70 चा झाला, पण 1963 च्या आधी प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणं मोकळी झाली ती मोकळीच राहिली. त्यामुळे पन्नाशीच्या दशकातलं तेच वादन दहा कंपन्या विकतात. काही जण मेहनतीने स्वतः तबकड्या उतरवतात. काही दुसऱ्याच्या सीडीवरून कॉपी मारतात, वर खरखर घालवणारं सॉफ्टवेअर फिरवतात आणि पन्नास डिस्कचा डबा मातीमोल भावात काढतात. मातीमोल भावाला कारण असतं.

खरखर किती घालवावी यावर शौकिनांत भांडणं होतात. माझा कल खरखर थोडी राहू द्यावी याकडे आहे. कारण ती ज्या उंच स्वरपट्टीत असते तिथेच व्हायोलिनची धार आणि गायकाचा श्वास असतो. एक पुसलं की दुसरं जातं. तपासायची रीत सोपी. संथ भागातला, लांब सोडून दिलेला एक स्वर निवडा आणि तो विरताना ऐका. स्वर हवेत विरघळत गेला तर काम चांगलं. मध्येच कुणी दार लावल्यासारखा तुटला, किंवा शेपटीला पाण्याखालून आल्यासारखी बुडबुड ऐकू आली, तर डबा परत ठेवा. दुसरी जागा म्हणजे चार मिनिटांचा सांधा. तिथे खरखरीची जात एकदम बदलते का, लय किंचित अडखळते का, हे बघा.

तिसरी तपासणी पट्टीची, आणि इथे आपल्याकडच्या घरांत असलेली पेटी कामाला येते. ‘78’ म्हणवणाऱ्या तबकड्या प्रत्यक्षात वेगवेगळ्या वेगाने घेतलेल्या असत. 74 फेऱ्यांनी घेतलेली तबकडी 78 ने वाजवली तर सगळं गाणं जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतं, म्हणजे काळी एकचं पांढरी दोनमध्ये जातं. राजारामपुरीतले माझे एक पेटीवादक मित्र पाश्चात्त्य संगीताच्या वाटेला कधी जात नाहीत. पण एका स्वस्त संचातला बेथोव्हेनचा ‘मूनलाइट’ सोनाटा लावला होता, तेव्हा चहाचा कप खाली न ठेवताच म्हणाले, “अहो, हे पांढरी दोनमध्ये चाललंय. तुमच्या पाकिटावर काय लिहिलंय?” पाकिटावर सी शार्प मायनर होतं, म्हणजे काळी एक.

तुम्हीही हे करू शकता. रचनेच्या नावातच पट्टी दिलेली असते: सी म्हणजे पांढरी एक, डी म्हणजे पांढरी दोन, जी म्हणजे पांढरी पाच, ए म्हणजे पांढरी सहा. बेथोव्हेनची नववी सिंफनी डी मायनर, पांढरी दोन. कासाल्सने 1936 ते 1939 मध्ये वाजवलेल्या बाखच्या चेलो सुइट्सपैकी पहिली जी मेजर, पांढरी पाच. श्रुतीभर फरक चालतो. ए हा स्वर सेकंदाला 440 कंपनांचा धरायचा आंतरराष्ट्रीय करार 1939 चा आहे, त्याआधी आणि नंतरही प्रत्येक वाद्यवृंदाची मिळवणी थोडी निराळी असे. अर्ध्या स्वराचा फरक मात्र सहसा मिळवणीचा नसतो, तो उतरवणाऱ्याच्या हयगयीचा. आणि हो, पेटी आधी ट्यून केलेली असू द्या, नाहीतर बिचाऱ्या श्नाबेलवर आळ यायचा.

‘रीमास्टर’ या शिक्क्याखाली काय काय खपतं तेही ठाऊक असावं. कारुसोच्या जुन्या तबकड्यांवर 1930 च्या दशकात नवा वाद्यवृंद चढवून त्या पुन्हा विकल्या गेल्या; 2000 च्या सुमाराला तोच प्रयोग डिजिटल तंत्राने झाला. साठीच्या दशकात मोनो ध्वनिमुद्रणांना खोटा स्टिरिओ फासायची टूम होती. आजही काही लोक मोनोला मोठ्या जागेतल्या गुंजनाचा भास देतात. प्रिस्टीन क्लासिकल ही कंपनी हे काम उघडपणे, सांगून करते आणि साधी मोनो आवृत्तीही देते. ज्याला जे रुचेल ते त्याने घ्यावं. सांगून केलेल्याला माझी हरकत नाही.

पायरी 4: डिस्क नको, मिनिटं आणि दुबार मोजा

मूळ एलपीच्या पाकिटांची हुबेहूब छोटी नक्कल करून संच काढायची सध्या पद्धत आहे. दिसायला देखणं, पण एका एलपीत 40-45 मिनिटंच असत आणि सीडीत 70 च्या वर मावतात. पियानोवादक ग्लेन गूल्डचा सोनीने 2015 मध्ये काढलेला 81 डिस्कचा संच असाच मूळ पाकिटांचा आहे. तो संच मला आवडतो, तरी त्याच्या 81 डिस्कची दुसऱ्या एखाद्या गच्च भरलेल्या 55 डिस्कशी तुलना करू नये. एकूण तास काढा आणि किमतीला भागा.

मग दुबार. आधीपासून घरात असलेल्या डिस्कची साधी यादी करा: रचना, कलाकार, ध्वनिमुद्रणाचं साल. नव्या संचाची यादी शेजारी ठेवा. साल जुळलं तर बहुधा ते तेच वादन, पाकीट कितीही नवं असो. एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग दुबार असेल तर नवं ट्रान्सफर खरोखर सरस असल्याशिवाय संच घेऊ नये. कॅलासच्या बाबतीत ते सरस होतं असं मी म्हणेन, कारण मूळ टेपा पुन्हा काढून लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत नव्याने काम झालं. 2017 मध्ये तिच्या रंगमंचावरच्या ध्वनिमुद्रणांचा 42 डिस्कचा संच आला, तो पूर्ण वेगळा ऐवज. तिथे टेपाच मुळात कुठल्या कुठल्या, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नको.

जर्मन संचालक फुर्टव्हेंग्लरकडे जाणाऱ्यांनी दोन संचांतला फरक समजून घ्यावा. वॉर्नरच्या 55 डिस्कमध्ये त्याने तबकड्यांसाठी केलेलं काम आहे. बर्लिन फिलहार्मोनिकने स्वतः काढलेल्या 22 डिस्कमध्ये 1939 ते 1945 मधली रेडिओची ध्वनिमुद्रणं आहेत. त्या टेपा युद्धानंतर सोव्हिएत युनियनमध्ये गेल्या आणि 1980 च्या दशकाच्या शेवटी परत यायला लागल्या. संगीत म्हणून मला दुसरा संच जास्त हलवतो. पण तो नाझी राजवटीतल्या बर्लिनमध्ये, बॉम्बहल्ल्यांच्या दिवसांत झालेला कार्यक्रम आहे हे विसरून ऐकता येत नाही, आणि येऊही नये. त्या डिस्क हायब्रिड एसएसीडी आहेत, साध्या सीडी प्लेअरवरही चालतात.

पायरी 5: मागवणं

महाद्वार रोडवर काय, पुण्यातही असे संच दुकानात हाताळून घ्यायची सोय आता जवळजवळ संपली. उरतो तो ऑनलाइन मार्ग. देशातल्या विक्रेत्याकडे मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तिथून घ्या, कारण परत करणं सोपं. परदेशातून मागवताना संचाची किंमत, टपालखर्च आणि वर कस्टम ड्यूटी व आयजीएसटी असा एकत्र हिशोब मांडा. 80 डिस्कचा डबा पुस्तिकेसकट दोन-तीन किलो भरतो, म्हणजे टपालखर्च काही किरकोळ नसतो. केवायसीची कागदपत्रं कुरिअरवाला मागतोच, ती आधीच तयार ठेवा. विक्रेत्याला ‘भेटवस्तू’ असं लिहायला सांगू नका. पार्सल अडकलं की निस्तरताना नाकी नऊ येतात.

समजा सगळं मिळून 80 डिस्कचे 16,000 रुपये झाले, तर डिस्कमागे 200. हा आकडा स्वस्त वाटतो तो फक्त ऐकून झालेल्या डिस्कसाठी. 80 मधल्या 20 च ऐकल्या तर डिस्कमागे 800 पडले.

संच छापायचे बंद झाले की जुन्या बाजारात भाव चढतात, हे खरं. पण लोकप्रिय संच पुन्हा निघतातही, कधी कमी किमतीत. घबराटीपोटी घेऊ नका. वापरलेला संच घेताना डिस्कच्या मागच्या बाजूचे फोटो मागवा. 1990 च्या आसपास इंग्लंडमधल्या एका कारखान्यातल्या काही सीडी कडेकडून तांबूस होत जातात आणि शेवटी वाजेनाशा होतात. अशी झाक दिसली तर सोडून द्या.

जागा, कपाट, पावसाळा या सगळ्यांचा कंटाळा असेल तर छोट्या कंपन्यांकडून फ्लॅक फाइल (दर्जा न गमावता आवाज साठवणाऱ्या फाइल) विकत घेणं हा उत्तम पर्याय आहे. पुस्तिकेची पीडीएफ मिळते आणि कस्टमची भानगड नाही.

पायरी 6: डबा आला, आता लगेच

पाकिटं पुठ्ठ्याची आणि गच्च असतात. डिस्क बोटाने ओढली की वाजणाऱ्या बाजूवर ठसा आणि वर चरा. पाकीट उभं धरा, दोन्ही कडा हलक्या दाबून तोंड उघडा, तिरपं करा आणि डिस्क आपोआप तळव्यावर येऊ द्या. परत ठेवताना पुठ्ठ्याचा भुसा आत नाही ना बघा.

पहिल्याच आठवड्यात सगळ्या डिस्क काढून मोजा. मोठ्या संचात एखाद्या पाकिटात भलतीच डिस्क निघणं किंवा एक डिस्क दोनदा येणं घडतं, आणि परतीची मुदत तुमच्या ऐकण्याच्या वेगासाठी थांबत नाही. त्यासाठी सगळ्यात बरं म्हणजे प्रत्येक डिस्क लगोलग कॉम्प्युटरवर उतरवून घेणं. यूएसबीने जोडायचा साधा सीडी ड्राइव्ह पुरतो. विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ फुकट मिळतं. ते वाचताना झालेली चूक सांगतं आणि इतरांनी उतरवलेल्या त्याच डिस्कशी ताडूनही बघतं. फाइल फ्लॅकमध्ये ठेवा. 80 डिस्क साधारण 20-25 जीबीत बसतात. एक प्रत घरातल्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी.

नावं देताना सॉफ्टवेअरने आपोआप भरलेल्या माहितीवर विसंबू नका. तिथे रीमास्टरचं साल ध्वनिमुद्रणाचं म्हणून येतं आणि मग कॅलास 2014 साली गायलेली दिसते. मी फोल्डरची नावं अशी ठेवतो: ‘बेथोव्हेन, सोनाटा 32, ओपस 111, श्नाबेल, 1932’. शेवटी ट्रान्सफर करणाऱ्याचं नाव. पुढे तेच वादन दुसऱ्या संचातून आलं तर दोन्ही शेजारी-शेजारी येतात आणि तुलना पाच मिनिटांत होते.

पायरी 7: कोल्हापूरचा पाऊस

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते, तिथे पुठ्ठ्याच्या पाकिटांचं काय. डिस्क सहसा तगते. पाकिटं फुगतात, पुस्तिकेची पानं चिकटतात. कपाट बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पावसाची झोड खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. मागे चार बोटं फट ठेवा. छोटा डिजिटल आर्द्रतामापक आत ठेवा आणि आकडा 60 च्या वर रेंगाळू लागला की सिलिका जेलच्या पुड्या बदला. डब्यावरचं प्लास्टिकचं आवरण तसंच ठेवून दमट हवा आत कोंडू नका. उघडीप मिळाली की कपाटाची दारं दुपारभर उघडी ठेवा, पण डबे उन्हात नकोत. डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत, त्यांच्या वाफेने सीडीच्या पारदर्शक प्लास्टिकच्या डब्या खराब होतात.

पंचगंगेचं पाणी 2019 आणि 2021 मध्ये कुठवर आलं हे पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. शाहूपुरीच्या खालच्या गल्ल्यांत किंवा नदीकडच्या पेठांत तळमजल्यावर राहत असाल तर संग्रह वरच्या मजल्यावर, आणि दुसरी हार्ड डिस्क राजारामपुरीसारख्या उंचावरच्या भागातल्या नातेवाइकांकडे.

पायरी 8: ऐकायचं कसं

यंत्रावर फार खर्च नको. मोनो ध्वनिमुद्रणाला दोन बरे स्पीकर आणि तार-स्वर कमी करणारं बटण असलेला ॲम्प्लिफायर पुरतो. हेडफोनवर मोनो डोक्याच्या मधोमध अडकतं आणि खरखर कानात टोचते, म्हणून शक्यतो स्पीकर.

पहिल्या डिस्कपासून शेवटच्या डिस्कपर्यंत क्रमाने जायचा हट्ट धरू नका; त्यात विसाव्या डिस्कला माणूस गळतो. एक रचना घ्या आणि दोन कलाकार समोरासमोर ठेवा. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी आधी तोस्कानिनीची, मग फुर्टव्हेंग्लरची. पहिला लय आवळून धरतो, दुसरा ती वाकवतो, ताणतो, एखाद्या जागेवर थांबून राहतो. विलंबितातली बढत ऐकून तयार झालेल्या कानाला हा फरक समजायला पुस्तकं वाचावी लागत नाहीत. देवल क्लबच्या मैफिलींत बसणाऱ्या दोन-चार जाणकारांना रविवारी सकाळी घरी बोलवा, कलाकाराचं नाव न सांगता दोन्ही लावा, आणि त्यांना बोलू द्या. त्यांना सिंफनीचा सांगाडा ठाऊक नसेल, पण कोण कुठे दम राखतो आणि कोण कुठे घाई करतो हे ते अचूक पकडतात.

ऐकून झालेल्या डिस्कच्या पाकिटावर पेन्सिलने मागच्या कोपऱ्यात तारीख टाका. वर्षाअखेरीस तारखा नसलेली पाकिटं किती उरली ते बघा आणि निम्म्याहून जास्त असतील तर पुढचा संच लांबणीवर टाका. दुबार झालेले जुने संच विकायचे असतील तर उतरवलेल्या फाइलीही पुसून टाका, आणि पुस्तिकेतली ध्वनिमुद्रणाच्या सत्रांची यादी मात्र आधी वहीत उतरवून घ्या; नव्या संचात ती असेलच असं नाही.